गुरुजी कुठले, शाळेतले की पूजेचे?

घोटीत कुणी "गुरुजी आले का?" असं विचारलं, तर आधी उलट विचारावं लागतं: कुठले गुरुजी? जिल्हा परिषदेच्या शाळेतले, की वास्तुशांतीला बोलावलेले? खडू धरणारेही गुरुजी आणि दर्भ धरणारेही गुरुजी. मराठीनं दोघांना एकाच नावानं हाक मारली आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही, कारण आपल्याकडे शाळा आणि देऊळ यांचा शब्दसाठा पहिल्यापासून सामाईकच आहे.

मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे भाताच्या बाजाराचं गाव. इथून एक रस्ता त्र्यंबकेश्वरला फुटतो, एक सिन्नरमार्गे शिर्डीकडे, एक भंडारदरा-कळसूबाईकडे. मागं इगतपुरी, पुढं नाशिक. यातल्या कुठल्याही रस्त्यानं तास-सव्वा तास गेलात, तर संस्कृत, प्राकृत, पाली आणि मराठी या चारही भाषा देवाधर्माच्या आणि विद्येच्या कामाला लागलेल्या सापडतात. एवढ्याशा टापूत इतका ऐवज महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. चला तर, नाक्यावरून निघू.

सावधान! विश्राम!

सकाळी शाळेच्या मैदानावर 'सावधान' ऐकू येतं, आणि लग्नसराईत तोच शब्द मांडवात घुमतो. मैदानावर टाचा जुळतात, मांडवात अक्षता पडतात. या एका शब्दाचा सगळ्यात गाजलेला श्रोता म्हणजे जांबचा नारायण. बोहल्यावर 'सावधान' कानी पडलं आणि तो खरोखरच सावध होऊन निघून गेला, ही समर्थ रामदासांची कथा घराघरात सांगतात. तो निघाला आणि आला आपल्या नाशकात. गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावरच्या टाकळीला समर्थांनी बारा वर्षं तप केलं, असं परंपरा सांगते.

मंगलाष्टकांची आणखी एक गंमत. ती बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एका ओळीत एकोणीस अक्षरं, गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. व्याकरणाच्या तासाला हे गण पाडताना मुलांना घाम फुटतो. पण तीच मुलं मोठी झाली की मांडवात त्याच वृत्ताची चाल बिनचूक धरतात. नवरीची आत्या रात्री बसून दोन्ही घरांची नावं गुंफत स्वतःचं मंगलाष्टक रचते, तेव्हा लघु-गुरू मोजायला तिच्या हाताशी वही नसते. कान मोजतो. वृत्त शिकवायला मांडवासारखी शाळा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि अक्षता? अ-क्षत, म्हणजे न तुटलेला दाणा. घोटीच्या गिरण्यांत भात कांडला की अख्खा तांदूळ वेगळा निघतो, कणी वेगळी. कणीची पेज चालते, भाकरी चालते, पण डोक्यावर टाकायला अख्खाच दाणा लागतो. गिरणीतली प्रतवारी आणि शास्त्रातली अट इथे तंतोतंत जुळते.

सगळा खेळ गुणांचा

घोटीजवळ कावनई आहे. किल्ल्यासाठी गिर्यारोहक येतात, कपिलधारा तीर्थासाठी भाविक. हे कपिल मुनींचं स्थान, आणि सिंहस्थाचं मूळ ठिकाणही हेच, अशी इथली श्रद्धा. कपिल मुनी म्हणजे सांख्य दर्शनाचे प्रवर्तक. आता या दर्शनाच्या परिभाषेचं मराठीनं काय केलं ते पाहा.

सांख्यांची 'प्रकृती' म्हणजे सगळ्या जगाचं मूळ कारण. मराठी माणूस मात्र पाहुण्याला चहा देता देता विचारतो, "काय, प्रकृती कशी आहे?" सांख्यांचे 'गुण' तीन: सत्त्व, रज, तम. ते शाळेत गेले आणि शंभर झाले. पस्तीस पडले की पास. तेच गुण लग्न जमवणाऱ्यांकडे गेले की छत्तीस होतात, आणि अठरा जुळले तरी पुढची बोलणी सुरू होतात. डॉक्टरकडे गेलात तर औषधाचा 'गुण येतो'. मुलगा बिघडला तर त्यानं 'गुण उधळले'. दर्शनशास्त्रातला एवढा जड शब्द इतक्या दारांतून आत-बाहेर करतो, हे मला फार लोभस वाटतं.

गुणांच्या पाठोपाठ 'पत्रिका' येतेच. जन्मल्यावर जन्मपत्रिका, शाळेत प्रश्नपत्रिका, मग उत्तरपत्रिका, निकालाला गुणपत्रिका, आणि सगळं पार पडलं की लग्नपत्रिका. मराठी माणसाचं निम्मं आयुष्य पत्रिकांवर लिहिलेलं असतं.

महामार्गावर बदलणारे कुलगुरू

महाराष्ट्रातल्या विद्यापीठाचा कारभार पाहतात ते कुलगुरू, आणि राज्यपाल असतात कुलपती. याच आग्रा रोडनं धुळ्यापुढे मध्य प्रदेशात गेलात, तर तिथल्या हिंदीत कारभार पाहणाऱ्यांनाच वर्षानुवर्षं 'कुलपति' म्हणत. म्हणजे सीमा ओलांडली की पद तेच राहून नाव एक पायरी वर सरकायचं. मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये आणि राजस्थाननं २०२५ मध्ये 'कुलपति' बदलून 'कुलगुरु' केलं. मराठीत जो शब्द आधीपासून रुळला होता, तिथंच शेवटी हिंदीही आली.

दोन्ही शब्द देवधर्मातलेच. कुलगुरू म्हणजे घराण्याचा गुरू; रघुकुळाचे वसिष्ठ होते तसा. कुलपती म्हणजे दहा हजार शिष्यांना अन्न देऊन शिकवणारा ऋषी, अशी जुनी व्याख्या आहे. आता महाभारताचा आरंभ आठवा. नैमिषारण्यात बारा वर्षांचं सत्र चाललंय, ते शौनकांचं, आणि शौनकांना तिथं कुलपती म्हटलंय. सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ. आज विद्यापीठाच्या परिपत्रकात 'प्रथम सत्र', 'द्वितीय सत्र' आणि खाली कुलपतींच्या आदेशाचा उल्लेख दिसतो, तेव्हा महाभारताच्या पहिल्या पानावरचे दोन शब्द पुन्हा शेजारी बसलेले असतात. चर्चासत्राची शेवटी 'सांगता' होते, तीही यज्ञातलीच: सगळ्या अंगांसह कर्म पुरं झालं, की सांगता.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्याचं ब्रीद आहे 'ज्ञानगंगा घरोघरी', आणि आवाराचं नाव 'ज्ञानगंगोत्री'. गोदाकाठी असून नाव गंगेचं कसं, असं परगावच्या माणसाला वाटेल. जुन्या नाशिककराला वाटणार नाही. तो गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन आलो" म्हणजे रामकुंडावर जाऊन आलो. शेतीपायी शाळेपासून तुटलेल्या माणसाच्या, चूल सांभाळणाऱ्या बाईच्या दारात अभ्यासक्रम नेणाऱ्या विद्यापीठाला याहून चांगलं ब्रीद सापडलं नसतं.

कीर्तनातली तळटीप

भाताची कापणी-मळणी उरकली की या भागात सप्त्यांचे मांडव उभे राहतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा दिंड्या रस्त्याला लागतात. दिंडीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. वय, जात, हुद्दा काहीही असो. फोन उचलल्यावरसुद्धा 'हॅलो' ऐवजी 'रामकृष्णहरी'.

पण मला सांगायचंय ते वारकरी कीर्तनाच्या शिस्तीबद्दल. कीर्तनकार एक अभंग 'सेवेला' घेतो आणि त्याचं निरूपण करतो. काही विधान केलं की त्याला 'प्रमाण' द्यावं लागतं. प्रमाण म्हणजे त्या विधानाला दुजोरा देणारं संतवचन. बुवांनी पहिला चरण म्हटला की मागचे टाळकरी पुढचा उचलतात, आणि चुकलं तर पुढ्यात बसलेला एखादा म्हातारा माळकरी जागेवरच दुरुस्त करतो. प्रबंधात तळटीप द्यायची आणि परीक्षकानं ती महिन्यांनी तपासायची, त्यापेक्षा ही पद्धत कितीतरी कडक आहे. इथं तपासणी त्याच क्षणी, हजार लोकांसमोर होते.

प्रमाण हा शब्द आला न्यायशास्त्रातून. न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे. पहिला प्रमाण, दुसरा प्रमेय. पुढं दृष्टांत, सिद्धांत, तर्क, निर्णय, वाद, वितंडा वगैरे. आता वाटणी पाहा. प्रमाण आणि दृष्टांत कीर्तनकारानं घेतले. प्रमेय गेलं भूमितीच्या तासाला, थेट पायथागोरसकडे. सिद्धांत विज्ञानाच्या पुस्तकात गेला आणि कीर्तनातही राहिला. निर्णय शासनाकडे गेला आणि त्याचा शासन निर्णय झाला. वितंडा मात्र 'वितंडवाद' होऊन चावडीवर येऊन बसला. एका सूत्रातली भावंडं कुठे कुठे नांदताहेत!

कीर्तनकाराच्या नावामागे 'ह.भ.प.' लागतं: हरिभक्तपरायण. प्राध्यापकाच्या नावामागे 'प्रा.' आणि 'डॉ.'. ही सगळी अक्षरं एकाच नावामागे लागलेली माणसंही महाराष्ट्रानं पाहिली. शं. वा. ऊर्फ सोनोपंत दांडेकर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. पुढं तिथेच प्राचार्य झाले. आणि हेच मामा दांडेकर वारीत चालत, कीर्तन करत. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ मध्ये काढणारे विष्णुबुवा जोग महाराज हे त्यांचे गुरू. मामांनी ज्ञानेश्वरीची संपादित आवृत्ती काढली, ती आजही पारायणाला वापरतात. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. एका बाजूला ग्रीक तत्त्वज्ञान, दुसऱ्या बाजूला टाळ. आणि दोन्हीकडे तोच स्वच्छ, न चढवलेला आवाज. विद्वत्ता दाखवायला अवघड बोलावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मामांचं लेखन जरूर वाचावं.

ग्रंथसंपादनाची शिस्तही आपल्याकडे धर्मातूनच आली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली आणि पुढं कुणी स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत म्हणून शेवटी सक्त ताकीद लिहून ठेवली. पाठचिकित्सा हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीचं हे काम.

ज्ञानेश्वरी स्वतः गीतेवरची 'टीका'. टीका म्हणजे उलगडून सांगणं. आज टीका केली म्हटलं की माणूस दुखावतो.

पूजेचा पत्ता

कुठलीही पूजा सुरू करताना गुरुजी संकल्प सांगतात. नीट ऐकलंत तर तो चक्क पत्ता आहे. आधी द्वीप, मग वर्ष म्हणजे भारतवर्ष, मग दंडकारण्य, मग गोदावरीचा कुठला तीर. त्यानंतर शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. सगळ्यात शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. विश्वापासून सुरुवात करून पाटावर बसलेल्या माणसापर्यंत यायचं. पाकिटावर आपण नेमकं उलटं लिहितो.

घोटी गोदावरीच्या दक्षिणेला, म्हणून इथं 'दक्षिणे तीरे'. नाशकात तर पूल ओलांडला की शब्द बदलतो. जुन्या नाशकात 'दक्षिणे', पंचवटीत 'उत्तरे'. पाच मिनिटांची वाट, पण मंत्रात नदी मधे वाहते. पोथीत या जागी 'अमुक' छापलेलं असतं आणि गुरुजी जागच्या जागी ते भरतात. गोत्र आठवत नसेल तर अडत नाही. 'काश्यप' म्हणायचं.

हाच संकल्प दरवर्षी विधिमंडळात जातो आणि 'अर्थसंकल्प' होतो. पूजेतलं 'उदक सोडणं' पैशावर पाणी सोडताना कामी येतं. श्राद्धात जानवं डाव्या खांद्यावर घेतलं की सव्य, उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. ते पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, म्हणून जिथं नुसती दगदग होते त्याला आपण 'सव्यापसव्य' म्हणतो. तहसीलमधल्या दाखल्यासाठी याहून चपखल शब्द नाही. पितरांना दिलेली 'तिलांजली' आपण वाईट सवयींना देतो. त्र्यंबकच्या घाटावर हे सगळे शब्द आजही त्यांच्या मूळ कामावर आहेत. तिथं जाऊन ऐकावेत.

गणित जुळतं का बघा

आता प्राकृत. घोटीहून नाशकात शिरताना महामार्गालगतच पांडवलेणी दिसते. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. विषय धार्मिक: भिक्षुसंघाला दान. भाषा मात्र पक्क्या हिशेबनिसाची.

तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव. ती गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

मुलांना हे गणित घाला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैचा फरक नाही! हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदलं, असंही लेखात आहे. फलक हा शब्द तेव्हाही होता आणि शाळेच्या भिंतीवर आजही आहे. ज्या गोवर्धनात हे पैसे गुंतवले, ते गाव आजही गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे.

याच उषवदाताचा आणखी एक लेख तिथे आहे. त्याची सुरुवात संस्कृतात होते आणि मध्येच तो प्राकृतात घसरतो. सभेत भाषण औपचारिक मराठीत सुरू करून दोन मिनिटांत गावच्या बोलीवर येणारी मंडळी आपण रोज पाहतो. परंपरा जुनीच.

बोलायचं नाही, लिहायचंही नाही

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोयंका यांनी ती सुरू केली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले नऊ दिवस 'आर्य मौन'. शब्द नाही, खूण नाही, नजरेनं बोलणंही नाही. वाचायला पुस्तक नाही, टिपायला वही नाही. शंका असेल तर ती फक्त आचार्यांना विचारायची.

आणि याच डोंगरावर विपश्यना विशोधन विन्यासानं छट्ठ संगायनाची, म्हणजे रंगूनला १९५४ ते १९५६ मध्ये भरलेल्या सहाव्या संगीतीची, पाली संहिता देवनागरीत छापली. अट्ठकथा-टीकांसकट जवळजवळ १४० खंड! जिथं पेन जमा करून घेतात, तिथंच एवढं छापलं गेलं. अभ्यास आणि साधना यांची वेळ वेगळी असते, हे या जागेइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलं नाही.

प्रवचनाच्या शेवटी मंगल कामना झाली की साधक तीन वेळा 'साधु' म्हणतात. अर्थ: उत्तम, मान्य. संस्कृत नाटकांतही 'साधु, साधु' म्हणजे शाबास. त्र्यंबकच्या सिंहस्थात 'साधू' म्हटलं की लोक वळून बघतात, कारण तिथं तो जटाधारी माणूस असतो. एवढ्याशा अंतरात नाम वेगळं आणि दाद वेगळी.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही होत्या. आसामी आणि बंगालीही. पाच भाषांपैकी तीन भाषांचं वैभव घोटीच्या नाक्यावरून तासाभरात गाठता येतं. शाळांनी सहल काढावी तर अशी.

पाटी-पेन्सिल आणि बाकीचा मालमसाला

पंतोजींच्या शाळेत पहिला धडा 'ओ ना मा सी धं'. हे 'ॐ नमः सिद्धम्' चं झिजलेलं रूप. जैन परंपरेत सिद्धांना केलेला हा नमस्कार. त्यातूनच 'ओनामा' म्हणजे आरंभ. हिंदू घरातलं मूलही सिद्धांना नमस्कार करूनच अक्षर गिरवायचं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. इगतपुरीजवळ त्रिंगलवाडीच्या पायथ्याला ऋषभनाथांचं जैन लेणं आहे, तिथं गेलात तर हा ओनामा आठवा.

पोथी लिहिताना चूक झाली की ती पिवळ्या हरताळानं झाकायची. म्हणून नियमांना 'हरताळ फासला'.

वर्गातली 'हजेरी' अरबी, 'दौत' अरबी, 'शाई' फारसी, 'फळा' संस्कृत, 'मास्तर' इंग्रजी. आणि अभियांत्रिकीच्या मुलाचा विषय राहिला की त्याला 'केटी लागते'. ग्रहण लागतं, साडेसाती लागते, तशी केटीही लागतेच. मुलांनी परक्या आद्याक्षरांना किती अचूक मराठी क्रियापद जोडलं!

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढायची. अक्षराच्या देवीचं चित्र अंकांनी. बालवाडीत मूल जातं त्या वर्षी घरात हे चित्र पहिल्यांदा काढलं जातं, तेव्हा आजीचा हात धरून काढू द्यावं.

आणि 'औट'. म्हणजे साडेतीन. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीच्या पुढं औटकी असे: एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. तेच औट संतांच्या बोलण्यात देहाचं माप झालं. माणूस स्वतःच्या हातानं औट हात, म्हणजे साडेतीन हात भरतो. ॐकाराच्या मात्राही औटच धरल्या. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं. त्यातलं अर्धं पीठ आपल्या नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगी. औटकी येणाऱ्या आजोबांना कीर्तनातला औट वेगळा समजावून सांगावा लागत नसे. पाढे यंत्रावर सोपवले, त्यात ही जोड तुटली. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

नाशिकचा मुलगा, आफ्रिकेतली प्रार्थना

नाशिकजवळच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनची शाळा होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथं शिकवत. मिशनऱ्यांच्या लेखी ही मुलं पुढं 'नासिक बॉइज' म्हणूनच ओळखली गेली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा झाडाखाली त्याचं हृदय पुरताना अंत्यप्रार्थना वाचली ती जेकबनं, आणि झाडावर लेख कोरला तोही त्यानंच. वाचायला-लिहायला तो आपल्या नाशकात शिकला होता. पुढच्या वर्षी तो शवपेटीबरोबर लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला.

त्याच्याही आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ मध्ये ते छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि लिपी रोमन. ख्रिस्ताची कथा, छंद ज्ञानोबांचा.

बाळबोध देवाला, मोडी दफ्तराला

एकच मराठी, पण पेशवाईत आणि त्यानंतरही ती दोन लिप्यांत लिहिली जायची. पोथी बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत. हिशेब, पत्रं, खतं मोडीत. लेखणी न उचलता झरझर लिहायची सोय मोडीत होती. छापखाने आले, बाळबोध जिंकली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली.

त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांकडे मात्र 'नामावळी' आहेत. गाव आणि आडनाव सांगा, वही निघते, आणि तुमचे पणजोबा इथं कधी आले, बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवलं जातं. जुनी पानं मोडीत. या वह्या धर्मकार्यासाठी लिहिल्या, पण गावोगावच्या कुळांचा एवढा सलग इतिहास दुसऱ्या कुठल्याही दफ्तरात मिळणं कठीण. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पुरोहितांच्या ओसरीवर बसून, त्यांची परवानगी घेऊन, हे वाचायला शिकलं पाहिजे. आज वाचू शकणारी पिढी थकत चालली आहे.

तुमच्या माळ्यावरही एखादी ट्रंक असेल. तीत लाल फडक्यात बांधलेली पोथी असेल, तिच्या खाली जमिनीचे नाहीतर देण्याघेण्याचे मोडी कागद असतील. पोथी तुम्ही जपालच. ते कागदही रद्दीत घालू नका. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि आपल्याच आग्रा रोडवर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. कागद नेऊन दाखवा, वाचून घ्या, आणि घरातल्या एका तरी मुलाला मोडी शिकायला बसवा.